कोठ्यातली गंजकी लॅम्ब्रेटा घ्यावी, की नागपूरची रंगवलेली?

भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. दारव्ह्याकडच्या एका गावात, गुरांच्या कोठ्यात जुनी लॅम्ब्रेटा ली 150 स्कूटर कुटाराच्या ढिगाआड पडून आहे. पत्रा गंजलेला, इंजिन जाम, टायर कुजलेले. मालक वारले, नातू ‘इटालियन माल आहे’ म्हणत चाळीस हजारावर अडून बसला आहे. दुसरीकडे नागपुरात एक चकाचक रंगवलेली, चालू लॅम्ब्रेटा लाखाच्या वर सांगताहेत. आणि गावातले जाणकार म्हणतात, दोन्हीचा नाद सोड, सामान मिळत नाही.

माझं मत विचाराल तर कोठ्यातली घ्या. अटी दोन. कागद हवेत आणि गाडी पुरी हवी. इंजिन जाम आहे ही तुमची सगळ्यात मोठी काळजी दिसते, पण माझ्या हिशेबात ती सगळ्यात लहान आहे.

आधी ‘इटालियन’चं पाहू, कारण भाव त्यावरच चढवला आहे. लॅम्ब्रेटा ही मिलानच्या इनोचेंटी कंपनीची. 1947 पासून 1971 पर्यंत त्यांनी स्कूटर काढल्या. आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, म्हणजे एपीआयने, त्यांच्या परवान्यावर त्या बनवल्या. इटलीत ली मालिकेचा दुसरा अवतार 1959 ते 1961 एवढाच निघाला, पण एपीआयने तोच आकार पुढे कितीतरी वर्षं चालवला आणि नंतर ‘लॅम्बी’ नावाने विकला. म्हणून आपल्या भागात ‘इटालियन’ म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा मुंबईची निघते. त्यात कमीपणा काही नाही, रक्त तेच आहे. फक्त भाव इटलीचा देऊ नका. डुकाटी, मोटो गुझी असल्या इटालियन मोटरसायकली मला तरी वऱ्हाडातल्या कोणत्या वाड्यात दिसल्या नाहीत. आपल्याकडे इटली आली ती लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पावरून, आणि खरं सांगायचं तर लुनावरूनही, कारण लुनाचं मूळ व्हेस्पावाल्या पिआजिओच्या चाओ मोपेडमध्ये आहे.

ओळख सोपी आहे. हेडलाइट हँडलवर असून हँडलबरोबर वळत असेल तर लीचा दुसरा किंवा त्यानंतरचा अवतार. हेडलाइट खाली, पुढच्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असेल तर पहिला अवतार, आणि तो खरोखर दुर्मीळ. पुढचं चाक वळतं पण मडगार्ड वळत नाही, हे पाहून घाबरू नका. ती मोडतोड नाही, बनावटच तशी आहे.

आता ‘पुरी गाडी’ म्हणजे काय ते नीट घ्या. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेटा, केबली, हे सगळं आजही मिळतं. याचं कारण लखनौ. 1972 साली सरकारी स्कूटर्स इंडिया लिमिटेड स्थापन झाली आणि तिने इनोचेंटीची मशिनरी, नाव, सगळं विकत घेऊन लखनौला आणलं. तिथे विजय सुपर निघाली, 1997 पर्यंत कारखान्यात स्कूटर बनत होत्या. त्या इंजिनाचं बरंच सामान तुमच्या ली 150 ला लागतं. भारतात बनलेले लॅम्ब्रेटाचे सुटे भाग आजही इंग्लंड-इटलीतले शौकीन मागवतात. म्हणजे ज्याला आपला मेकॅनिक ‘मिळत नाही’ म्हणतो ते त्याच्या ओळखीच्या दुकानात मिळत नाही, एवढाच अर्थ.

पण विजय सुपरचा पत्रा तुमच्या गाडीला बसत नाही. हँडलचं वरखाली झाकण, पुढचा हॉर्नचा भाग, बाजूची झाकणं आणि त्यांच्या कड्या, स्पीडोमीटर, सीटच्या खालची फ्रेम, मागच्या दिव्याचं घर, यातलं जे गायब असेल ते तुम्हाला वर्षभर रडवील. लेथवाला बुश करून देईल, पण हँडलची ओतीव खोळ कुठून करून देणार? म्हणून कोठ्यात जाल तेव्हा किक मारू नका. गाडी उजेडात ओढा आणि काय काय नाही याची यादी करा. यादीत तीन-चार किरकोळ वस्तू असतील तर भाव करा. अर्धी गाडीच नसेल तर ती स्पेअरसाठीची गाडी आहे, त्याच भावात मागा.

गंज कुठे पाहायचा? लेगशील्डचा, म्हणजे पायांपुढच्या ढालीचा, पत्रा गंजलेला दिसतो, तो दिसू द्या. पत्रा कापून नवा जोडता येतो. लॅम्ब्रेटाचा जीव तिच्या जाड नळीच्या फ्रेममध्ये आहे. व्हेस्पाचा सगळा सांगाडा पत्र्याचाच, हिचा नळीचा, त्यामुळे आपण जिंकलेलो आहोत, फक्त नळी शाबूत पाहिजे. खाली बसा, स्टँडच्या कड्या जिथे जोडल्या आहेत तिथे, पायटणीखालच्या आडव्या आधारांवर आणि मागच्या शॉकअपच्या जोडावर लहान हातोडीने हळू टिचक्या मारत जा. खणखणीत आवाज येतोय तोवर ठीक. एखाद्या जागी आवाज बदबद आला किंवा पापुद्रा सुटला तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. मग चार पावलं मागे या आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहा. पुढचं चाक लेगशील्डला फार चिकटलेलं वाटलं, लेगशील्डवर आडवी घडी दिसली, तर गाडी कधीतरी समोरून ठोकलेली आहे आणि नळी वाकलेली आहे.

आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा गंज आतपर्यंत खात नाही. पण कोठ्यात दोन शत्रू असतात. एक गुरांचं मूत. दुसरा युरिया. खताच्या पोत्यांना टेकून उभी असलेली गाडी ज्या बाजूने टेकली होती त्या बाजूने चाळणी झालेली असते आणि दुसऱ्या बाजूने शाबूत. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तोंडातून आकडा काढू नका.

नागपूरच्या गाडीबद्दल दोनच शब्द. लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा आणि पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. रंगाखाली काय दडलंय ते तुम्हाला रंग काढल्यावरच कळतं, आणि तेव्हा पैसे गेलेले असतात. कोठ्यातल्या गाडीचा गंज निदान तोंडावर दिसतो. फ्लोअरबोर्डच्या खाली वाकून वेल्डिंगही पाहा. खालून गाठी-गाठी आणि वरून आरसा असेल तर हात जोडून निघा.

आता कागद. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. तो नसेल तर जमीन कितीही काळीभोर असली तरी तुमची नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून वाचा. वायर ब्रश किंवा ग्राइंडर तिथे अजिबात लावू नका. अंक खोडल्यासारखे दिसले की आरटीओत उत्तरं देत बसावं लागेल. दोन्ही नंबर आरसीशी जुळले पाहिजेत. मालक वारले आहेत, म्हणजे आधी गाडी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने यायला हवी, मग तुमच्या नावावर 29 आणि 30 ने. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म 26 आहे, पण तो अर्ज नातवाने करायचा, तुम्ही नाही. त्याला घेऊन आधी यवतमाळच्या आरटीओत जा, नोंद सापडते का पाहा, आणि त्यानंतरच पैसे.

काही जण तुम्हाला व्हिंटेज नोंदणीचं सांगतील. 2021 साली केंद्राच्या नियमांत ती सोय आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी 10 वर्षांची. नव्या नोंदणीची फी 20 हजार, नूतनीकरणाची 5 हजार. पण ती गाडी मग प्रदर्शन, रॅली आणि त्यासाठीची देखभाल, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तुम्ही लिहिलंय की आठवडी बाजाराला नेणार. तर मग नेहमीचीच नोंदणी फिटनेस करून पुढे वाढवा, व्हीएच्या मागे लागू नका.

जाम इंजिनाकडे येऊ. बहुतेक वेळा रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात, बाकी काही नाही. प्लग काढा, आत डिझेल आणि थोडं ऑइल मिसळून ओता आणि आठवडाभर विसरा. मधूनमधून पुन्हा ओता. किकवर उभं राहून उड्या मारू नका, किकचे दाते तुटतात आणि कामात काम वाढतं. नाहीच सुटलं तर हेड काढून पिस्टनच्या डोक्यावर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. सायलेन्सर आणि कार्बोरेटरचं तोंडही पाहून घ्या, कुंभारीण माशीने तिथे मातीची घरं बांधलेली हमखास सापडतात.

इंजिन सुटलं की लगेच पेट्रोल भरून चालू करायचा मोह होईल. थांबा. इतकी वर्षं पडलेल्या टू-स्ट्रोकचे क्रँकचे ऑइल सील दगड झालेले असतात. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या चुंबकी चाकाच्या, बाजूचा सील गेला की तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि उन्हाळ्यात पाच-सात किलोमीटरवर पिस्टन पुन्हा धरतो. चेनच्या बाजूचा गेला की गिअर ऑइल जळतं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. म्हणून हाफ इंजिन, म्हणजे क्रँककडचा खालचा भाग, उघडाच. सगळे सील आणि बेअरिंग एकाच वेळी बदला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर घेऊन कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात जा, ‘लॅम्ब्रेटाचं द्या’ म्हणू नका. बोअरिंगला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, सिलिंडर टाकण्याआधी ओव्हरसाइज पिस्टन हातात असू द्या आणि लेथवाल्याला तो मोजायला द्या. बोअर आधी करून मग पिस्टन शोधत फिरणारे खूप पाहिलेत.

एक हत्यार मात्र आधीच मिळवा. मॅग्नेट काढायचा पुलर. आपल्या गावाकडे मॅग्नेटमागे छिन्नी घालून हातोडा मारतात, त्यात चुंबक तडकतं आणि क्रँकच्या टोकाचे आटेही जातात. मागच्या हबलाही वेगळा पुलर लागतो. दोन्ही चांगला टर्नर नमुन्यावरून बनवून देतो. नाहीतर अमरावती-नागपूरकडे कुणाकडून उसने आणा, मागायला लाजू नका.

टायर सोपे आहेत, साडेतीन-दहाचे, जे चेतकला लागतात तेच. रिम दोन भागांचा असतो, नट-बोल्टने जोडलेला. तो उघडण्याआधी हवा पूर्ण सोडा. भरल्या ट्यूबवर रिमचे नट उघडले तर अर्धा रिम तोंडावर येतो.

सामानासाठी दिल्लीचं करोलबाग, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, एवढ्या जागा धरा. जवळच्या गावांत जुने रिक्षा मेकॅनिक शोधा. एपीआयच्या तीनचाकीही याच घराण्यातल्या, त्यामुळे त्यांच्या फळीवर अजून काही ना काही पडलेलं असतं.

गंज काढायला ॲसिड नको. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी सळईला. स्टीलच्या भांड्याचा तुकडा सळईऐवजी वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नका, सोडा त्यांना खातो. काम उघड्यावर करा, बिडी लांब ठेवा, कारण हायड्रोजन सुटतो. वावरातल्या फीडरवर लाइट कधी दिवसा तर कधी रात्री, तेव्हा हे घरच्या लाइनवरच करा. बाहेर काढलेला भाग धुऊन, सुकवून त्याच दिवशी प्रायमर मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस होतो. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल धरते, आणि मे महिन्यात रंग पत्र्यावर बसायच्या आधीच सुकतो, वर धूळ.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. ते पाणी ओढतं, टाकी आतून गंजवतं आणि जुना रबरी पाइप फुगवतं. पाइप नवीन, इथेनॉल चालणारा घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. ऑइल मी लिटरला 40 मिली टाकतो, थोडा धूर झाला तर होऊ द्या.

एक शेवटचं. सौदा झाला आणि गाडी छोट्या हत्तीत चढवायची वेळ आली की नातवाला विचारा, आजोबांचा टिनाचा डबा कुठे आहे. जुने लोक गाडी बंद पडली की कार्बोरेटर, चाव्या, स्पीडोमीटरची केबल काढून डब्यात घालून माळ्यावर टाकत. गायब वाटणाऱ्या अर्ध्या वस्तू तिथे निघतात. तो डबा भावातच धरून घ्या. आणि त्याआधी इथे फोटो टाका. हँडल वरून, दोन्ही बाजू, खालून नळी, आणि नंबरांचे शेवटचे आकडे झाकून. मग भावाचं बोलू.