नैरोबी ते केपटाऊन बाईकवर जायचंय, मार्चमध्ये निघू का?

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये निघावं का आणि बाईक भारतातून न्यावी का. मी 2022 ला हाच रूट केलाय, तर आधी सीझनचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मार्चमध्ये अजिबात निघू नका. केनिया-टांझानियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो, कच्च्या रस्त्यांचा नुसता चिखल होतो. जूनमध्ये निघून घाईघाईत केपटाऊन गाठलंत तर तिकडे नेमका हिवाळ्यातला पाऊस भेटतो. त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला निघा, दोन महिने हाताशी ठेवा, ऑगस्टअखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडच्या नामाक्वालँडमधून उतरलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानफुलं, आपलं कास आठवतं एकदम.

बाईक इथून नेणार असाल तर कार्ने (डिपॉझिट भरून मिळणारं, बाईकच्या पासपोर्टसारखं कस्टम्सचं कागदपत्र) काढा, मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडे मिळतं. बॉर्डरवर आत जाताना आणि बाहेर पडताना त्यावर जे शिक्के लागतात ते बघूनच हलायचं. मी एका ठिकाणी बाहेरचा शिक्का न घेताच पुढे गेलो आणि संध्याकाळी लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी 140 किमी मागे यावं लागलं, कारण सगळे शिक्के नसले की डिपॉझिट सोडवताना फार त्रास होतो.

मोठी ॲडव्हेंचर बाईकच पाहिजे असं काही नाही हो. केनिया-युगांडात बोडाबोडावाले, म्हणजे बाईक टॅक्सीवाले, आपली बजाज बॉक्सर चालवतात, त्यामुळे साधं सिंगल सिलिंडर इंजिन उघडणारा मेकॅनिक छोट्या गावातही सापडतो. मोठ्या बाईकचा पार्ट मात्र कुरिअरनेच मागवावा लागतो, त्यात आठवडा जातो.

रात्री चालवू नका, दिवसाला 300 किमी पुरे. टांझानियात हायवे मिकुमी पार्कमधूनच जातो, हत्ती रस्ता ओलांडत असला तर लांबच इंजिन चालू ठेवून थांबा. झांबियातून बोट्स्वानात जायला काझुंगुलाचा पूल 2021 पासून सुरू झालाय, आधी तिथे तराफा होता.

यलो फिव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा.

नामिबियात वॉल्विस बे ते सॉलिटेअर सव्वादोनशे किमीच्या वर अंतर आहे, बहुतेक रस्ता खडीचा, मध्ये पेट्रोल पंप नाही. तुमची बाईक कुठली आणि टाकी किती लिटरची ते सांगा, मग जादा कॅन लागेल का ते सांगतो.