वाचकांचे प्रश्न: झोपाळा, जुनं कपाट आणि भाड्याचं घर

प्रश्न: आजोळचा सागवानी झोपाळा पितळी कड्यांसह मिळाला आहे. फळी 5 फूट बाय 2 फूट. हॉल 11 बाय 16, वर फॉल्स सीलिंग. इंटिरियरवाले म्हणतात, हॉल गावठी दिसेल. टांगावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: जरूर टांगा. झोपाळ्याने हॉल बिघडत नाही. त्याच्याभोवती समया, वारली चित्रं आणि नक्षीचे खांब कोंबले की मात्र थीम हॉटेलची कळा येते. झोपाळा हीच त्या खोलीतली मुख्य वस्तू माना. तीन माणसांचा सोफा काढून दोन हलक्या खुर्च्या ठेवा आणि भिंती साध्या राहू द्या.

झोका 16 फुटांच्या दिशेने जाईल असा लावा. एका भिंतीपासून दीड फूट सोडलंत तर दुसऱ्या बाजूला साडेचार फुटांची वाट उरते. पुढे-मागे अडीच ते तीन फूट मोकळे हवेत. बसण्याची उंची जमिनीपासून 17-18 इंच. गादी घालणार असाल तर तिची जाडी यातून वजा करा.

आता टांगणं. दोन मोठी माणसं आणि झोपाळा मिळून स्थिर वजन 200 किलोच्या घरात जातं आणि मोठ्या झोक्यात कड्यांवरचा ताण जवळपास दुप्पट होतो. म्हणून प्रत्येक बाजूला किमान 400 किलो पेलेल अशीच व्यवस्था हवी. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला काहीही अडकवू नका. स्लॅबमध्ये एका फास्टनरवर (भोकात घट्ट बसणाऱ्या बोल्टवर) एक हूक हा नेहमीचा प्रकारही धोक्याचा आहे: सततच्या हादऱ्यांनी फास्टनर हळूहळू सैल होतो आणि वरून काही दिसत नाही. त्याऐवजी 6 इंच चौरस, 8 मिमी जाडीची लोखंडी प्लेट चार फास्टनरनी बसवून तिला हूक वेल्ड करून घ्या. जवळ बीम असेल तर त्याच्या तळाला भोक नको, कारण मुख्य सळया तिथेच असतात. जागा आणि फास्टनर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला) असेल तर ड्रिल करूच नका. जमिनीवर उभा राहणारा स्टँड बनवा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. हूक स्लॅबला आणि सीलिंग 8 इंच खाली असेल, तर झोका घेताना कडी पीओपीला घासते. आठ फूट लांबीच्या कडीला तिथे दोन्हीकडे अडीच इंच जागा लागते, म्हणून गोल भोकाऐवजी झोक्याच्या दिशेने 7 इंच लांब खाच कापा. करकर होत असेल तर बेअरिंगचे हूक घ्या किंवा हुकाला ग्रीस लावा. कड्या वर्षातून एकदा उतरवून पाहा. जिथे कडीत कडी अडकते तिथे पाव भाग झिजलेली कडी लगेच बदला.

प्रश्न: आजीचं सागवानी कपाट काळंकुट्ट झालं आहे. पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) करू की साधं पॉलिश? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. रंग चिकट होऊन सुटला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे. ते स्पिरिटनेच निघतं, यंत्राने तासू नका. मग 180, 240, 320 अशा क्रमाने पॉलिशपेपर, नेहमी लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आडवा घासलेला एक ओरखडासुद्धा पॉलिशनंतर उठून दिसतो.

एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा आणि फडक्याने गाळा. लोखंडी डब्यात तो काळा पडतो. मलमलीत कापूस गुंडाळून सहा ते आठ पातळ हात द्या; दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. स्पिरिट पेट घेतं, म्हणून जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको आणि खिडक्या उघड्या ठेवा. काम पावसाळ्यात काढू नका: हवेतला ओलावा थरात अडकून पॉलिश पांढुरकं पडतं.

कपाटाला आमच्या मते चपडाच योग्य, कारण ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. पीयू जेवणाच्या टेबलासाठी राखून ठेवा. गरम भांडं आणि सांडलेलं पाणी चपड्याला सोसत नाही.

प्रश्न: भाड्याचं घर, खिळा मारायची परवानगी नाही. घर आपलं कसं दिसेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर: उजेडापासून सुरुवात करा. संध्याकाळी छताची ट्यूब बंद ठेवून 2700 ते 3000 केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) दोन उभे दिवे समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा. चित्रं भिंतीला टेकवून कपाटावर किंवा बाकावर ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नका. काढताना रंगाचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.