टोमॅटोचे झाड ४० अंशांतही हिरवेगार राहते, मग फळ का धरत नाही? उष्णता सहन करण्याची त्याची रेणवीय यंत्रणा कशी चालते?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागावरून आमच्या घरात अनेक उन्हाळे वाद झालेला आहे, म्हणून यंत्रणेबद्दल आधी थोडक्यात लिहितो.

टोमॅटोच्या पेशीत एचएसएफ-ए१ए हे नियामक प्रथिन कायम हजर असते, पण एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही प्रथिने (एचएसपी म्हणजे उष्णतेच्या ताणात इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिने) त्याला निष्क्रिय ठेवतात. उष्णतेने इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागल्या की ही दोन्ही तिकडे गुंततात, ए१ए मोकळे होते आणि संरक्षक प्रथिनांची जनुके सुरू करते. त्यांच्याबरोबरच तयार होणारे एचएसएफ-ए२ हे दुसरे नियामक प्रथिन उष्णता टिकून राहिल्यास साठत जाते व ए१एच्या जोडीने हा प्रतिसाद लांबवते. आकाराने लहान असलेली एचएसपी विस्कटलेल्या प्रथिनांचे गोळे होऊ देत नाहीत, आणि झालेच तर एचएसपी-१०१ ते सोडवते. फ्रँकफर्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये ए१एची निर्मिती दाबलेली टोमॅटोची झाडे वाढवून दाखवली; ती एरवी निरोगी होती, परंतु उष्णता देताच कोलमडली, कारण दुसरे कोणतेही नियामक ए१एची जागा घेऊ शकले नाही.

आता फळधारणेबद्दल. संगमनेर तालुक्यात आमची उन्हाळी टोमॅटोची शेती आहे. एका मे महिन्यात तारेवर चढलेली, काळोखीदार पानांची झाडे झुपकेच्या झुपके फुले टाकू लागली; प्रत्येक फुलाचा देठ मधल्या गाठीपाशी पिवळा पडे आणि हात लागताच फूल तुटून येई. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, यांचे ठाम मत पडले की झाडाला खाद्य कमी पडते आहे. दुकानदाराने आधी बोरॉन, मग टॉनिक, मग संजीवक दिले, तेही उधारीवर. मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होतो. मी नुकत्याच उमललेल्या फुलांचे परागकोश काचपट्टीवर चिरडून ॲसिटोकार्मिनचा, म्हणजे सशक्त परागकण लाल रंगवणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकला. बांधावरच्या जांभळाच्या सावलीत आलेल्या फुलांचे परागकण गोल व लालभडक दिसले, तर उघड्यावरच्या फुलांचे बहुतेक कण फिके आणि सुरकुतलेले होते. अण्णांनी पाहिले, आणि सूक्ष्मदर्शकातून पीक निघत नाही, असे म्हणून पुढची फवारणी केली.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते की पानाच्या सहनशक्तीवरून फळधारणेचा अंदाज बांधणे चूक आहे. परागकणाचे भवितव्य फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी, कळी कोवळी असतानाच ठरते. त्या अवस्थेत परागकोशात एचएसएफ-ए२ पुरेसे नसेल तर उष्णतेत कण जगत नाहीत, हेही प्रयोगांतून दिसले आहे. शिवाय वाढत्या परागकणात स्टार्च साठतो आणि पुढे त्याचीच साखर होते. उष्णतेत ही साठवण कमी पडते. दिवसा ३२ आणि रात्री २६ अंशांच्या पुढे तापमान राहू लागले की फळधारणा घटते, पण पान तोवर टवटवीतच असते. त्यामुळे गळणाऱ्या फुलांवर टॉनिक मारणे म्हणजे होऊन गेलेल्या दुखण्यावर पैसे घालवणे होय, आणि जे दुकानदार हे जाणूनही बाटल्या खपवतात त्यांच्याबद्दल मला अजिबात आदर नाही.

हलक्या जमिनीत बोरॉनची खरी कमतरता असू शकते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती माती किंवा देठ-परीक्षणाने सिद्ध व्हावी. संजीवकांनी परागकणाविना फळ धरवता येते, तथापि अशी फळे अनेकदा पोकळ निघतात. उष्णतेत कुक्षी (परागकण झेलणारे स्त्रीकेसराचे टोक) परागकोशाच्या नळीबाहेर वाढल्यानेही परागीभवन चुकते, तेव्हा सगळा दोष परागकणाचाच असतो असेही नाही. वर सांगितलेली रेणवीय माहिती बहुतांशी प्रयोगशाळेतल्या झाडांची आहे. शेतात ऊन हळूहळू वाढते आणि झाड काही अंशी सरावते.

आपल्याला लागवडच करायची असेल, तर आमच्यासारख्या भागात रोपे जानेवारीअखेर लावावीत, म्हणजे पहिले झुपके मार्चमध्येच धरतात. एप्रिल-मेच्या कळ्यांसाठी टॉनिकाच्या पैशांतून शेडनेट घ्यावे, आणि ते फुले गळू लागल्यावर नव्हे, तर कळ्या दिसण्यापूर्वी ताणावे. घरात कोणी अण्णा असतील, तर सावलीतल्या आणि उन्हातल्या झाडांवरची फळे त्यांनाच मोजायला लावावीत.