आधी ब्लॉक, मग ब्लेड

प्रिय,

पवनचक्कीच्या ब्लेडचे तुझे अल्ट्रासाउंड स्कॅन नीट पाहिले. स्पार कॅप (ब्लेडचा भार घेणारा लांब, जाड थर) आणि शिअर वेब (त्याला आतून आधार देणारी उभी भिंत) यांच्या चिकटवलेल्या जोडावर एका पट्ट्यात इको, म्हणजे परत येणारी लहर, जवळजवळ गायब आहे, म्हणून जोड सुटलाय का, असं तू विचारलंस. पण हा गेन (सिग्नल किती मोठा करून दाखवायचा ते) कोणत्या ब्लॉकवर, म्हणजे तुलनेच्या नमुन्यावर, लावलास? पत्रात ब्लॉकचा उल्लेखच नाही. माझी चिडचिड तिथेच होते.

धातूवर हात बसलेला माणूस इथे हमखास उलटं वाचतो. काचतंतूच्या लॅमिनेटचा इम्पिडन्स (लहरीला होणारा विरोध) साधारण ५ मेगारेल, अ‍ॅडेसिव्हचा ३ च्या आसपास. जोड पक्का असेल तर कॅपच्या मागच्या बाजूचा इको जेमतेम २५ टक्के उंचीचा येतो, उरलेली लहर अ‍ॅडेसिव्हमध्ये शिरते. मागे हवा असेल तर जवळजवळ सगळी परत फिरते. म्हणजे इथे मोठा इको वाईट. फेज (लहर सुलटी की उलटी) पाहून काही कळणार नाही, दोन्ही वेळा ती उलटतेच.

तेव्हा तुझा पट्टा चांगला जोडही असू शकतो. कॅपच्या इकोनंतर सुमारे ४ मायक्रोसेकंदांनी दुसरा इको दिसतो का बघ. अ‍ॅडेसिव्ह ५ मिमी असेल तर त्याच्या मागच्या पृष्ठाचा इको तिथेच येतो. दोन्ही नसतील तर प्रोबखालचं (लहर सोडणाऱ्या सेन्सरखालचं) जेल सुटलंय, लॅमिनेट सच्छिद्र आहे किंवा थरांना सुरकुती पडून लहर बाजूला वळलीय. यातलं काय, ते ब्लॉकशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. मी तर सांगणारच नाही.

ब्लॉक त्याच काचकापडाचा, त्याच रेझिनचा, वर तोच रंग. जाडीच्या तीन पायऱ्या, एका भागात अ‍ॅडेसिव्ह पूर्ण, एका भागात मुद्दाम रिकामं. टेफ्लॉनचा तुकडा दाबून वेळ मारून नेऊ नकोस. रेझिन त्याला घट्ट बसलं तर त्यातून बरीच लहर पार जाते आणि खऱ्या फटीपेक्षा इको लहान येतो. ब्लेड उन्हात तापलेली आणि ब्लॉक खोलीतला, असंही नको. रेझिन तापलं की वेग घटतो, जाडी जास्त दिसते.

प्रोबचं थोडक्यात: ५ मेगाहर्ट्झ बाजूला ठेव. ४० मिमी कॅपमध्ये ती लहर तंतूंत विखरून संपते. १ किंवा ०.५ घे, आणि वरचे थर सुरुवातीच्या पल्समध्ये झाकले जाऊ नयेत म्हणून डिले लाइन (प्रोबपुढचा प्लास्टिकचा ठोकळा) लाव.

ब्लॉकला वेळ जातो, वरचे कुरकुरतात, मला हेकट म्हणतात. म्हणू देत. चुकीच्या निदानावर कॅप घासली की टोकापासून टोकापर्यंत सलग गेलेले तंतू तुटतात, आणि स्कार्फ (दुरुस्तीचा तिरका जोड) कितीही लांब घेतला तरी ते सलग होत नाहीत. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ब्लॉक.

ग्राइंडर थांबव. ब्लॉकवर गेन लावून तोच पट्टा परत स्कॅन कर आणि दोन्ही ए-स्कॅन (इकोचे वेळेनुसार आलेख) एकाच स्केलवर पाठव. अहवालात एक ओळ मात्र आत्ताच घाल: दोन पृष्ठं नुसती टेकलेली, पण ताकद नसलेला जोड या तपासणीत पकडला जात नाही.