रनचे ६४५ अर्थ पाठ करायचे नसतात

तुम्ही लिहिलंय की इंग्रजीतल्या रन, गेट, सेट, टेक वगैरेंचे अर्थ वहीत उतरवून पाठ करताय, तरी वाचताना दरवेळी नवीनच काहीतरी निघतं, आणि 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला की बंद पडला हेही कळेना. पहिलं म्हणजे ती वही ठेवून द्या. रागावू नका, मीही अशी वही केलेली, अनुवादाच्या कामात तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या डिक्शनरीत, १९८९ च्या आवृत्तीत, सेट या नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. बरीच वर्षं तोच एक नंबरवर, मग नव्याने संपादन करताना मेक आणि पुट पुढे गेले आणि २०११ च्या सुमाराला रन ६४५ वर पोचला. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाचे एकट्या रनवर नऊ महिने गेले. त्यांना नऊ महिने लागतात तिथे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री काय करणार.

आता आपलंच 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, एखाद्याला बस लागते, आणि वर 'रडायला लागला' आहेच. कोणी शिकवलं? कोणीच नाही. आपण 'लागणे' एकटं कधी ऐकलंच नाही, कायम शेजारच्या शब्दासकट ऐकलं. रनचंही तसंच. नाक रन होतं म्हणजे वाहतं, कपड्याचा रंग रन होतो म्हणजे जातो, कंपनी रन करतात म्हणजे चालवतात, सगळ्यात काहीतरी न थांबता पुढे सरकतंय एवढं चित्र डोक्यात असलं की पुरे, बाकीचं शेजारचा शब्द सांगतो. (गंमत म्हणजे अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी 'रन' करतो आणि ब्रिटिश 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखा उभा राहतो.)

माझा सगळ्यात आवडता शब्द फास्ट. याचा जुना अर्थ वेगवान नव्हताच, घट्ट, पक्का असा होता. म्हणून 'फास्ट कलर' म्हणजे न जाणारा रंग, 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोप, आणि फास्टन म्हणजे घट्ट बांधणे. उपवासाचा फास्टही तिथलाच, नेम घट्ट धरून राहणे. मग वेग कुठून आला? जोर लावून, नेटाने पळणे याला फास्ट पळणे म्हणायला लागले आणि हळूहळू नेट गळून नुसता वेग उरला. हे एकदा कळल्यावर ते चार अर्थ मला परत बघावे लागले नाहीत.

पण सगळीकडे असा धागा शोधत बसू नका. पैशाची बँक इटालियनमधल्या बाकावरून आली, नदीच्या काठाची बँक जुन्या नॉर्सकडून, आज इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं सारखं. वटवाघळाची बॅट आणि खेळायची बॅट तसंच.

खरा फटका बसतो तो उलट अर्थाच्या शब्दांत. सुरुवातीला एका बातमीत मी 'सँक्शन्स'चं 'आर्थिक मंजुरी' करून पाठवलं होतं, कारण कर्ज सँक्शन होतं हेच डोक्यात. बातमी होती निर्बंधांची. म्हणजे एका देशावर बंदी घातलेली आणि मी त्याला मंजुरी देऊन मोकळा! वरिष्ठांनी छापायच्या आधी पकडलं. शेजारी 'इम्पोज' होतं, 'लादणे', मंजुरी कोणी लादतं का, पण मी शेजारी बघितलंच नाही. आणि 'टेबल' हा शब्द मीटिंगच्या संदर्भात आला तर आधी लिहिणारा कुठला ते बघा, ब्रिटनमध्ये विषय चर्चेला मांडला, अमेरिकेत पुढे ढकलला.

आता तुमचा अलार्म. तो वाजला. 'ऑफ'ला नुसतं 'बंद' समजलात म्हणून गोंधळ झाला. मुळात ते 'सुटून, दूर' असं आहे. बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे गोळी सुटली, अलार्मही तसाच दाबून ठेवलेला सुटतो. दिवा 'गोज ऑफ' झाला तर मात्र गेला, आणि दूध 'गोज ऑफ' झालं तर नासलं, हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात. अलार्म खरंच बंद पडला असता तर 'स्टॉप्ड' लिहिलं असतं, आणि वाजलाच नसता तर 'डिडन्ट गो ऑफ', म्हणजे उशीर झालेला माणूस सकाळी ऑफिसात सांगतो ते.