आदिवासी पाड्यांवर जनधन खाती उघडली, तरी लोकांच्या हातात पैसे वेळेवर का पडत नाहीत?

कारण खातं उघडणं हे सोपं काम होतं. २०१४ पासून जनधनची शून्य शिलकीची खाती निघाली, रोजगार हमीची (रोहयो) मजुरीही थेट खात्यात येते. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून शाखेत जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर जीपभाडं.

मग भरवसा उरतो तो बँक मित्राचा, म्हणजे गावात मशीनवर आधारचा ठसा जुळवून बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या माणसाचा. तिथे खरी अडचण अंगठ्याची. आयुष्यभर दगडमातीत काम केलेल्या बाईचे ठसे झिजलेले असतात, मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं आणि ती रिकाम्या हाती परतते. अशा वेळी दुसरी बोटं लावून बघायला सांगा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या. पैसे काढल्यावर पावती मागाच, आणि कुणी शंभर-पन्नास ‘कमिशन’ कापत असेल तर बँकेकडे तक्रार करा. हे कापणं सरळ लूट आहे. पोस्टमनकडूनही आधारवर पैसे काढता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

माझ्या मते बँक मित्र त्याच पाड्यातला, भिली-पावरी बोलणारा हवा, शक्यतो बचत गटातली बाई. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, देऊन ते विनाशुल्क चालू करून मिळतं.