कन्सल्टिंग फर्मच्या समर इंटर्नशिपमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसत्या स्लाइड बनवाव्या लागतात?

तू विचारलंयस की नागपूरला एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहेस, एप्रिलपासून आठ आठवड्यांची समर एका कन्सल्टिंग फर्ममध्ये लागली आहे, पण सीनियर सांगतात की तिथे इंटर्नला कोणी विचारत नाही, रात्री उशिरापर्यंत स्लाइडचे डबे सरळ करत बसावं लागतं, तर जायचं की नाही. मी म्हणते, जा. स्लाइड करायच्याच आहेत, त्यातून सुटका नाही, आणि रात्री उशिरापर्यंत बसणं पण खरं आहे. पण तुझ्या स्लाइडवर जे वाक्य जातं त्याने कोणाचं तरी काम बदलतं, कधी कधी कोणाची मजुरी पण. ते वाक्य खरं आहे की नाही हे स्वतः जाऊन बघायची संधी मिळाली तर ती सोडू नकोस, माझ्या मते समरमध्ये खरं शिकण्यासारखं तेवढंच आहे, बाकी सगळं नंतर पण शिकता येतं.

माझी समर पण अशाच एका फर्ममध्ये झाली. मी नागपूरचीच, आणि योगायोगाने क्लायंट, म्हणजे फर्मने ज्याचं काम घेतलं तो, पण इथलाच निघाला. फर्मचं ऑफिस मुंबईला, टीम सोमवारी सकाळच्या फ्लाइटने यायची, गुरुवारी रात्री परत जायची, मी घरून जायचे यायचे. क्लायंट म्हणजे किराणा आणि साबण-तेलाच्या मालाचा मोठा डिस्ट्रिब्युटर, गोडाऊन वाडीला, अमरावती रोडवर. वाडीत एवढी गोडाऊनं का हे आधी समजून घे कारण प्रोजेक्ट तिथूनच निघाला. जीएसटी यायच्या आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात आपापला डेपो ठेवायच्या, गरज असो नसो. 1 जुलै 2017 पासून तो कर गेला आणि मग जिथून सगळीकडे माल पोचवायला सोपं तिथे मोठं गोडाऊन ठेवायचं असा हिशोब सुरू झाला. श्रीनगर-कन्याकुमारी हायवे 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 दोन्ही नागपुरातून जातात, त्यामुळे इथला माल वाढला, गाड्या वाढल्या, आणि आमच्या क्लायंटची तक्रार अशी की गाडी गेटमधून आत आली की बाहेर पडेपर्यंत अख्खा दिवस जातो, ट्रान्सपोर्टवाले हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे मागतात.

आता केस इंटरव्ह्यूची, म्हणजे धंद्याचा एखादा प्रश्न देऊन सोडवायला लावतात त्या इंटरव्ह्यूची, तयारी करताना समोरचा माणूस आपल्याला आकडे देतो, आपण कागदावर प्रश्नाचं झाड काढतो, फांद्या पाडतो, उत्तर सांगतो. खऱ्या कामात आकडे कोणी देत नाही. मागावे लागतात, पुन्हा मागावे लागतात, मग एक एक्सेल येते ज्यात तारीख कुठे दिवस आधी कुठे महिना आधी, गाडीचा नंबर कधी स्पेस देऊन कधी न देता. ते साफ करण्यात बराच वेळ जातो आणि ते काम इंटर्नचंच असतं, त्याला कमी समजू नकोस. टीमचं पहिलं हायपोथिसिस, म्हणजे तपासायचा अंदाज, होतं की लोडिंग हळू होतं, म्हणजे हमालांची प्रॉडक्टिव्हिटी कमी आहे. आकडे पण तेच सांगत होते, गेट-इन ते गेट-आउट मधला सगळ्यात मोठा तुकडा लोडिंगचा दिसत होता.

मला एक गोष्ट खटकली की बऱ्याच गाड्यांची लोडिंग संपल्याची वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासच होती, वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळा माल, आणि वेळ जवळजवळ तीच. मी मॅनेजर मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या जाऊन बघ. मग मी वही घेऊन गेटवर उभी राहायला लागले. गाडी कधी आली, धर्मकाट्यावर वजनाला कधी गेली, डॉकला म्हणजे माल चढवायच्या जागेला कधी लागली, पहिली पेटी कधी चढली, शेवटची कधी, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, हातात कधी आली, गेट कधी सुटलं. मुनीमजींना विचारलं की सिस्टीममध्ये वेळ कोण टाकतं, तर ते अगदी सहज म्हणाले, "दिवसभर रजिस्टरमधी लिहितो मॅडम, मग संध्याकाळी बसून एकदमच एंट्र्या मारून देतो, दिवसा कोठं टाइम भेटते." म्हणजे सिस्टीममधली वेळ ही लोडिंग संपल्याची नव्हती, मुनीमजी खुर्चीवर बसल्याची होती! मला आजही वाटतं की तो एक प्रश्न विचारला नसता तर हमालांच्या एका अख्ख्या टोळीवर ठपका बसला असता.

एक गाडी डोळ्यासमोर आहे अजून. रायपूरची होती. सकाळी अकराच्या आत भरून झाली, ताडपत्री बांधून झाली, दोर आवळून झाला, ड्रायव्हर केबिनमध्ये गमछा ओला करून डोक्याला बांधून बसला, आणि गाडी निघाली दोन वाजून गेल्यावर. मधला सगळा वेळ कागदाचा. बिल गोडाऊनला बनतच नव्हतं, ते इतवारीच्या ऑफिसमधून बनून यायचं, तिथे एकच माणूस बिलिंगला, तो दहा-बारा गाड्यांचं जमवून एकत्र करायचा, त्यात ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने न्यायला जीएसटीत लागणारा ऑनलाइन कागद. ई-वे बिलात गाडी नंबर टाकला की मुदत सुरू होते, साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणून आधी बनवून ठेवायला पण सगळे घाबरतात, गाडी भरली असा फोन आल्याशिवाय तो बनवायचाच नाही. आणि फोन केव्हा लागेल केव्हा नाही.

हमालांबद्दल थोडं सांगते कारण हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. आपल्याकडे माथाडी कायदा आहे, 1969 चा. टोळी बोर्डाकडे नोंदलेली असते, मालक मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरतो, बोर्डातून ती कामगाराला मिळते. तिथल्या टोळीचा दर नगावर होता. मुकादम काका मला म्हणाले, "नगावर पैसा भेटते बाई आम्हाले, आम्ही काऊन हळू करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आमच्या डेकमध्ये, म्हणजे स्लाइडच्या गठ्ठ्यात, पण नव्हतं. मे महिन्यात, त्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, पारा 45 च्या आसपास, पत्र्याच्या शेडखाली उभं राहून बघितलं तर कळतं की दुपारी बारा ते चार टोळी थांबते ते बरोबरच करते. खाली पोती अंथरून झोपलेली माणसं बघून एखाद्याला ती आयडल टाइम, म्हणजे वाया गेलेला वेळ, वाटतील. मला नाही वाटली, आणि मी तो शब्द स्लाइडवर जाऊ दिला नाही.

मिड रिव्ह्यूला, म्हणजे अर्ध्यावरच्या आढाव्याला, मी वहीतल्या वेळा आणि सिस्टीममधल्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या, एवढीच स्लाइड. पार्टनरनी, म्हणजे फर्मच्या वरिष्ठांनी, पाच मिनिटं प्रश्न विचारले, किती गाड्या बघितल्या, कोणत्या वारी, महिनाअखेर धरली का, आणि मग स्टोरीलाइन बदलली. हे मी मोठेपणा म्हणून नाही सांगत, चांगल्या टीममध्ये असंच होतं, इंटर्नचं पण ऐकतात पण पुरावा लागतो. शेवटी दोन गोष्टी सुचवल्या, बिलिंगचा माणूस गोडाऊनला बसवा, आणि उन्हाळ्यात गाड्यांना सकाळचे स्लॉट द्या म्हणजे उन्हाच्या आत भरून होतील. पहिली त्यांनी केली. दुसरी अडकली कारण ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या रात्रभर चालून केव्हा पोचतील ते त्यांच्याच हातात नसतं, आणि ते पण खरंच आहे.

स्लाइडबद्दल एवढंच की वर विषय लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. "लोडिंगचा आढावा" असं नाही, "गाडी भरल्यावर बिलासाठी थांबते" असं. वाक्य लिहायला बसलं की आपल्याला नक्की काय माहीत आहे ते लगेच उघडं पडतं, म्हणून तो नियम मला फार आवडतो.

बाकी पटापट सांगते. एक्सेलचं पिव्होट आणि लुकअप जायच्या आधी हातात बसव, तिथे शिकवायला वेळ नसतो कोणाला. मुलगी असशील आणि गोडाऊन, फॅक्टरी, मार्केट यार्ड असं काही असेल तर बाथरूमची सोय आहे का हे पहिल्याच दिवशी मॅनेजरला विचार, मी विचारलं आणि त्यांनी क्लायंटशी बोलून सोय करून दिली, लाजून पाणी न पिता दिवस काढू नकोस, नागपूरच्या उन्हात ते परवडत नाही. पीपीओचं, म्हणजे इंटर्नशिपनंतर मिळणाऱ्या नोकरीच्या ऑफरचं, टेन्शन घेऊन आठ आठवडे जगू नकोस, ती त्या वर्षी जागा किती त्यावर पण असते, चांगलं काम केलेल्यांना पण नाही मिळत. जेवायला क्लायंटच्या लोकांसोबत बस, टीमसोबत रोजच बसणार आहेस, मुनीमजींची एंट्रीची गोष्ट मला डब्याच्या वेळीच कळली.

आणि हो, एनडीएवर, म्हणजे माहिती बाहेर न सांगण्याच्या करारावर, सही करशील तेव्हा ती नीट वाच. सीव्हीवर क्लायंटचं नाव लिहायचं की नाही हे एचआरला लेखी विचारून घे, बहुतेक वेळा "मध्य भारतातला एक डिस्ट्रिब्युटर" असंच लिहावं लागतं, आणि प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत खोदून विचारलं तरी तेवढंच सांगायचं. प्रोजेक्ट कोणत्या सेक्टरमधला ते कळलं की खाली लिही, गोडाऊन किंवा ट्रान्सपोर्टचं असेल तर गेटवर कोणत्या कोणत्या वेळा टिपायच्या ते मी सविस्तर सांगते.